दुखण्यावरची गोळी आणि संध्याकाळचा पेला

येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली जी फळी असते, तिच्यावर आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याचा डबा असतो. कधीकाळी त्यात बिस्किटे आली असतील. आता त्यात गोळ्या असतात. तापाची गोळी, डोकेदुखीची गोळी, कंबर धरली तर घ्यावयाची गोळी, सर्दीची गोळी. त्यांपैकी काही डॉक्टरांनी मागे केव्हातरी दिलेल्या, तर काही बाजाराच्या दिवशी दुकानातून मागून आणलेल्या. ह्या डब्याची मालकीण म्हणजे घरची माता. "अंग मोडून आले आहे" असे कोणी म्हणण्याचा अवकाश, की तिचा हात डब्याकडे जातो.

त्याच घरात, थोडीशी नजरेआड, एक बाटलीही पुष्कळदा असते. गोव्याच्या गावात ती काजूच्या फेणीची असेल, खानापूर-बेळगावकडे रमची असेल. लग्नकार्यात, सांजावच्या दिवशी, मे महिन्यात क्रुसाजवळची लदीन आटोपल्यावर उकडलेल्या चण्यांबरोबर ती चारचौघांत येते. काही घरांत मात्र ती रोज संध्याकाळी येते.

हा डबा आणि ही बाटली एकाच घरात नांदतात, आणि कित्येकदा एकाच दिवशी एकाच माणसाच्या पोटात जातात. तेथे त्यांची गाठ पडली म्हणजे काय घडते, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. कारण दोन्ही वस्तू आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. आजचा हा लेख त्या गाठीविषयी आहे.

मद्यनिषेधाचे व्याख्यान देण्याचा आमचा हेतू नाही. मद्य हे मुळातच पाप आहे असे आपली धर्ममाता शिकवीत नाही. काना गावच्या लग्नातील चमत्कार आपण सर्व जाणतो. पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा सल्ला संत पौलाने तीमथ्याला दिला होता, ह्याची आठवण आपल्यातील काही मंडळी मोठ्या उत्साहाने करून देतात. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, तीमथ्याच्या घरी गोळ्यांचा डबा नव्हता.

भीती किती बाळगावी?

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धट्टाकट्टा, पोटभर जेवलेला मनुष्य सणाच्या दिवशी एखादा पेला घेतो आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखले म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळी घेतो, त्याला बहुधा काहीही होत नाही. अशा मनुष्याच्या घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

धोका आहे तो निराळ्या मनुष्याला. तो रोज पितो. पितो म्हणून कमी जेवतो. अंग दुखते म्हणून एक गोळी घेतो, ती पुरली नाही म्हणून दुसरी, आणि असे चार-पाच दिवस चालते. हा मनुष्य रस्त्यात पडणारा दारुडा असतोच असे नाही. तो शेतावर जातो, रविवारी मिस्सेला येतो, कोणाशी भांडत नाही. त्याला स्वतःला व त्याच्या घरच्यांना तो पिणारा वाटतच नाही. म्हणूनच त्याची काळजी अधिक वाटते.

यकृतात काय घडते

पॅरासिटामॉल ही आज सर्वांत परिचित वेदनाशामक गोळी होय. ब्रिटनमध्ये ती १९५६ साली वापरात आली. ठरलेल्या मात्रेत घेतल्यास ती खरोखरच सौम्य औषध आहे. जठराला ती ऍस्पिरिनसारखी बोचत नाही. परंतु १९६६ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी अतिमात्रेमुळे यकृत निकामी झालेल्या रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. आज ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांत यकृत एकाएकी बंद पडण्याच्या कारणांत ह्याच गोळीची अतिमात्रा अग्रभागी आहे.

असे का व्हावे? पोटात गेलेल्या गोळीचा फार मोठा भाग यकृत सरळ निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोडा भाग मात्र दुसऱ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर त्याचे काही काळ विषात रूपांतर होते. हे विष मारण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. त्याला आपण यकृताचा पहारेकरी म्हणू. पहारेकरी पुरेसे आहेत तोवर विष तयार होताच नाहीसे होते व आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रोजचे मद्य येथे दोन प्रकारे घात करते. गोळीचे विषात रूपांतर करणारे जे पाचकद्रव्य यकृतात असते, ते मद्यपानाने वाढते. म्हणजे त्याच गोळीतून अधिक विष तयार होते. दुसरीकडे पहारेकऱ्यांची संख्या घटते. उपाशी राहणे, नीट न जेवणे ह्यानेही ती घटते. तापाने अंथरुणास खिळलेला, दोन दिवस पेजेच्या घोटावर राहिलेला आणि एरवी रोज पिणारा मनुष्य जेव्हा गोळ्यांवर गोळ्या घेतो, तेव्हा ही सर्व कारणे एकदम जुळून येतात. मग विष पहाऱ्यातून सुटते आणि यकृताच्या पेशी मारू लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "काल रात्रीची आता उतरली, आता गोळीला काय हरकत?" असे पुष्कळ जण म्हणतात. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हे खरे नाही. मद्य अंगात असते तोवर ते वाढलेले पाचकद्रव्य मद्याच्याच मागे गुंतलेले असते. मद्य उतरले की ते मोकळे होते, आणि गोळी त्याच्या तावडीत सापडते. रोज पिणारा मनुष्य आजारी पडला, दारू नकोशी झाली म्हणून त्याने ती ठेवून दिली, आणि आता तो केवळ गोळ्या घेत आहे, हा काळ त्याला अधिक जपण्याचा असतो.

ह्या धोक्याचे माप सर्वच डॉक्टर सारखे सांगत नाहीत, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ठरलेल्या मात्रेत थोडे दिवस गोळी दिली असता पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना अपाय झाला नाही, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. ज्यांचे यकृत गेले, त्यांपैकी बहुतेक जण मात्रेच्या बाहेर गेलेले होते. पण मात्रेच्या बाहेर जाणे किती सोपे आहे, ते पुढे दिसेलच.

१९९३ सालची एक हकिगत

अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या पदरी काम केलेले एक गृहस्थ होते. रात्रीच्या जेवणाबरोबर दोन-तीन पेले वाईन घेण्याची त्यांची नित्याची सवय होती. १९९३ साली त्यांना फ्ल्यू झाला, आणि त्यांनी काही दिवस दुकानात सहज मिळणारी पॅरासिटामॉलची गोळी घेतली. थोड्याच दिवसांत ते बेशुद्ध झाले. त्यांचे यकृत संपूर्ण निकामी झाले होते. दुसऱ्याचे यकृत बसवून डॉक्टरांनी त्यांना वाचविले. पुढे त्यांनी गोळी करणाऱ्या कंपनीवर दावा लावला. पिणाऱ्यांनी सावध राहावे असा इशारा वेष्टनावर का नव्हता, हा त्यांचा प्रश्न होता. १९९४ साली पंचांनी त्यांच्या बाजूने कौल दिला व ऐंशी लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली.

१९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियमच केला. चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवर असा इशारा छापला पाहिजे की, जो रोज तीन किंवा अधिक पेले मद्य घेतो त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून ही गोळी घेऊ नये. हा नियम केवळ पॅरासिटामॉलला नव्हे, तर ऍस्पिरिन व आयबुप्रोफेन ह्यांनाही लागू झाला.

त्यांचे माप व आपले माप

"रोज तीन पेले? आमचे हे तर दोनच घेतात," असे कोणी भगिनी म्हणेल. म्हणून थोडा हिशेब करू. अमेरिकेत ज्याला एक पेला म्हणतात, त्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरलेला असतो. तीन पेले म्हणजे ४२ ग्रॅम.

आता आपल्याकडे पाहा. रम किंवा व्हिस्कीत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो; फेणीही साधारण तितकीच कडक असते. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क आला. म्हणजे आपले दोन मोठे पेग हे त्यांच्या जवळजवळ तीन पेल्यांइतके झाले. बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. ती ८ टक्क्यांची कडक बिअर असेल तर त्या एकाच बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. "मी फक्त एक बिअर घेतो" असे म्हणणारा गृहस्थही त्या इशाऱ्याच्या उंबरठ्यावर उभा असतो.

आणि घरी ओतलेल्या पेल्याला तर मापच नसते. हुर्राकच्या दिवसांत काजूच्या बागेत बसून किती पेले झाले, हे मोजणारा कोण असतो?

जठराचे रक्षण कोण करील?

पॅरासिटामॉलचा धोका यकृताला, तर ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांचा धोका मुख्यतः जठराला व मूत्रपिंडांना आहे. कंबरदुखी, गुडघेदुखी, दाढदुखी ह्यांवर ह्याच गोळ्या अधिक चालतात. ह्यांपैकी डायक्लोफेनॅक वस्तुतः डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाचे औषध आहे, पण खेड्यात चिठ्ठी विचारतो कोण?

ह्या गोळ्या वेदना कशा शमवितात, ह्याचा उलगडा इंग्लंडमध्ये जॉन वेन ह्या शास्त्रज्ञाने १९७१ साली केला, आणि १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. सूज व वेदना ह्यांत त्यांचा हात असतो; गोळी त्यांना थोपविते म्हणून दुखणे थांबते. पण हीच द्रव्ये जठराच्या आतील नाजूक अस्तराचे रक्षणही करतात. ती थोपविली की अस्तर उघडे पडते. त्यावर दारू गेली, तीही रिकाम्या पोटी, म्हणजे जखमेवर मीठच. अस्तराला व्रण पडतो, व्रणातून रक्त झिरपते. ऍस्पिरिनने तर रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे वाहू लागलेले रक्त लवकर थांबत नाही.

मूत्रपिंडांचे तसेच आहे. दिवसभर उन्हात राबून घाम गेलेला, संध्याकाळी पाण्याऐवजी दारू घेतलेला, आणि अंगदुखीसाठी रोज ही गोळी खाणारा मनुष्य आपल्या मूत्रपिंडांवर नकळत मोठा भार टाकीत असतो.

आयबुप्रोफेनची एक गंमतीची आठवण सांगण्यासारखी आहे. नॉटिंगहॅम येथे ज्या संशोधकांनी ते औषध शोधले, त्यांतील प्रमुख स्ट्युअर्ट अॅडम्स ह्यांना एकदा सकाळी भाषण द्यावयाचे होते. आदल्या रात्री मित्रमंडळींत झालेल्या मेजवानीमुळे डोके ठणकत होते. त्यांनी स्वतःच्याच औषधाची ६०० मिलिग्रॅमची मात्रा घेतली आणि उतार पडला. ही गोष्ट खरी आहे. पण औषधाच्या जनकाने एके सकाळी एकदा जे केले, ते आपण रोज करावे असा तिचा अर्थ नव्हे.

सर्दीच्या गोळीत दडलेले

मात्रेच्या बाहेर जाणे सोपे आहे असे आम्ही वर म्हटले, त्याचे कारण असे. सर्दीची गोळी म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतेच. अंगदुखीच्या कित्येक जोडगोळ्यांत आयबुप्रोफेनबरोबर किंवा डायक्लोफेनॅकबरोबरही पॅरासिटामॉल असते. तापासाठी एक, सर्दीसाठी एक, कंबरेसाठी एक अशा तीन निरनिराळ्या रंगांच्या गोळ्या मनुष्य घेतो. यकृताला मात्र तीनही वेळा तीच गोळी मिळते.

निरोगी प्रौढ मनुष्यासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, अशी सांगितली जाते. रोज पिणाऱ्याने २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे पुष्कळ डॉक्टर सांगतात. म्हणजे ५०० च्या चार किंवा ६५० च्या तीन गोळ्या, आणि त्यांतच सर्दीच्या गोळीचा हिशेब आला. अशक्त व कमी वजनाच्या मनुष्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते.

सर्दीच्या गोळीत झोप आणणारे औषधही असते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि डॉक्टर तीव्र वेदनेवर ट्रामाडॉलसारखी गोळी देतात. ह्यांवर मद्य घेतले तर गुंगी दुणावते. झोपेतल्या झोपेत श्वास मंदावून प्राण जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा स्थितीत रात्री स्कूटर काढणारा तर आपल्याबरोबर दुसऱ्याच्याही जिवाशी खेळतो.

घरच्या मातेने काय करावे?

रात्री उशिरा पती पिऊन घरी येतो. सकाळी डोके दुखेल म्हणून पत्नी निजण्यापूर्वीच त्याला दोन गोळ्या देते. ह्यामागे तिची मायाच असते. तरीही तिला आमची विनंती आहे की, तो हात आवरावा. त्या वेळी त्याला पाणी द्यावे, खाता आले तर पेज किंवा थोडा भात द्यावा, आणि कुशीवर निजवावे. सकाळची डोकेदुखी पुष्कळशी पाण्याने, मीठसाखरेच्या पाण्याने व विश्रांतीने जाते.

ताप आला असेल तर दिवसाला किती गोळ्या झाल्या ह्याची नोंद ठेवावी. दोन दिवसांत उतार नसेल तर डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यातील ताप डेंग्यूचा असू शकतो. अशा तापात ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने मुळीच देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. ज्यांस हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅमची ऍस्पिरिन नेमून दिली आहे, त्यांनी मात्र हा लेख वाचून ती बंद करू नये. मद्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

धोक्याच्या खुणा ओळखून ठेवाव्यात. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, सारख्या उलट्या होणे, मनुष्य भ्रमल्यासारखा बोलणे ह्या यकृताच्या खुणा आहेत. डांबरासारखा काळा शौच किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी ही जठरातील रक्ताची खूण आहे. ह्यांपैकी काहीही दिसले तर दुसरी गोळी न देता तडक इस्पितळ गाठावे, आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर उतारा आहे. १९७० च्या दशकात एडिंबरा येथील डॉक्टरांनी तो रुजविला. अॅसेटिलसिस्टीन असे त्याचे नाव. पण अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत तो मिळाला तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. पहिल्या दिवशी रोगी पुष्कळदा बरा दिसतो, आणि ह्याच भ्रमात वेळ निघून जातो.

डॉक्टरांपुढील खरे बोलणे

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" गृहस्थ उत्तर देतात, "छे, कधीतरी सणासुदीला." शेजारी बसलेली पत्नी जमिनीकडे पाहत राहते. डॉक्टर त्या उत्तरावर विसंबून औषध लिहितात.

पापनिवेदनाच्या वेळी अर्धीच गोष्ट सांगणारा जसा स्वतःलाच फसवितो, तसाच हा गृहस्थ होय. डॉक्टरांना आपली नालस्ती करावयाची नसते. गोळी कोणती व किती द्यावी एवढेच त्यांना ठरवावयाचे असते. पती सांगत नसेल तर पत्नीने अदबीने सांगावे. त्यात त्याचा अपमान नाही, त्याचे रक्षण आहे.

वर्षानुवर्षे पुष्कळ पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकाएकी सर्व बंद करू नये. कापरे भरणे, आकडी येणे असे प्रसंग ओढवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. सोडू इच्छिणाऱ्यांना एकमेकांचा हात देणारी 'अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस'ची मंडळे आपल्या देशात अनेक ठिकाणी भरतात. आपल्या धर्मगुरूंजवळ चौकशी करण्यास संकोचू नये.

धर्ममातेची शिकवण

बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्याची व औषधे ही देवाचीच देणगी मानण्याची शिकवण आहे. त्याच ग्रंथात द्राक्षारसाच्या मर्यादेविषयीही उपदेश आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९० व्या कलमात तर अन्न, मद्य, तंबाखू व औषधे ह्या चारही गोष्टींच्या अतिरेकापासून दूर राहण्यास एकाच ठिकाणी सांगितले आहे. मद्याशेजारी औषधाचे नाव आलेले पाहून आम्हांस प्रथम थोडे नवल वाटले होते. आपला पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे आणल्यावर ते राहिले नाही.

आपल्या गावांत काजूचा हंगाम आणि उपवासकाळ पुष्कळदा एकाच वेळी येतात. बागांतून हुर्राकचा वास दरवळत असतानाही कितीतरी पुरुष ते चाळीस दिवस पेल्याला शिवत नाहीत. हे सामर्थ्य आपल्या माणसांत आहे. त्यातलेच थोडे, आजारपणाच्या आठवड्यापुरते आणि गोळ्या संपून अंगात बळ येईपर्यंत, त्यांनी वापरावे, एवढेच आमचे मागणे.

शेवटी एक छोटीशी सूचना. आज रात्री जपमाळ झाल्यावर घरच्या मातेने तो डबा खाली काढावा. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या कराव्यात. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून प्रत्येक पाकिटावरील औषधाचे नाव वाचून घ्यावे, आणि ज्यांत ज्यांत पॅरासिटामॉल आहे त्यांवर खूण करावी. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावे: "दारू घेतलेल्याला गोळी देण्यापूर्वी विचार. उपाशी पोटी नको. एका वेळी एकच जात. दिवसाच्या गोळ्या मोजून." डबा पुन्हा त्याच फळीवर, त्याच तसबिरीखाली ठेवावा.